आबाच्या फोटोला हार

११ फेब्रु., मंगळ

आधी कबूल करून टाकतो. आबा जिवंत असताना त्याच्या फोटोला चंदनाचा हार घातला, काचेवर कपाळाच्या जागी गंध लावलं आणि त्याच्याच घरात भिंतीवर टांगला. मी केलं. एकट्याने. निल्याला पण माहीत नाय.

ही डायरी दुकानात फुकट आलेली. आजपर्यंत हिच्यात फक्त कुठली लेन्स कोणाकडे गेलीय ते लिहायचो. पण हे कोणाला बोलता येत नाय आणि पोटात राहत पण नाय. म्हणून इथे.

आबा म्हणजे निल्याचा आजोबा. डोंबिवली पश्चिमेला पार खाडीला लागून कोळीवाडा आहे, तिथला. होडीवर जायचं बंद झालं, आता दिवसभर दारातल्या फळीवर बसून जाळी सांधतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची मापं काढतो. निल्या माझा आयटीआयचा दोस्त. तो पास झाला, मी सोडली. आता मी कल्याणला दळवी सरांच्या स्टुडिओत लग्नाचे कॅन्डिड काढतो, म्हणजे माणसाला कळू न देता फोटो.

माझं आणि आबाचं जुनं युद्ध. मी त्याच्या विड्या लपवायच्या, त्याने माझी चप्पल वल्ह्याला बांधायची. प्राचीच्या साखरपुड्याला (प्राची = निल्याची चुलत बहीण) त्याने माझ्या लेन्सच्या बॅगेत जिवंत चिंबोरी, चांगला मोठा खेकडा, सोडली. भर मांडवात मी असा नाचलो की डीजेवाल्याने गाणं वाढवलं.

बदला घ्यायचा होता. एवढंच. आईशप्पथ एवढंच.

फोटो पण त्याच साखरपुड्यातला. सरांचा नियम आहे, ग्रुप फोटो झाला की कॅमेरा खाली करायचा नाय, खरा फोटो त्याच्यानंतर येतो. माझी त्यात भर अशी की मी मोठ्याने ओरडतो, "झालं, बॅटरी गेली." मग सगळे सैल पडतात. पोटं सुटतात, हसू गळतं. त्या दिवशी आबाने टोपी काढली, टकलावरून हात फिरवला आणि खाडीकडे बघितलं. क्लिक.

माझ्या आयुष्यातला एक नंबर फोटो. स्क्रीनवर बघितला आणि पहिला विचार आला, हा हाराखाली काय दिसेल. तिथेच किडा वळवळला.

हात दुखतोय. एवढं दहावीच्या पेपरात पण लिहिलं नव्हतं.


१२ फेब्रु., बुध

कालचं पुढे.

रविवारी प्राचीची हळद. सगळं गाव मांडवात, डीजे फुल. मी मागच्या दाराने गेलो, जिथे जाळी वाळत घालतात तिकडून. फ्रेम गोणपाटात गुंडाळून आणलेली. मागचं दुकानाचं स्टिकर आधीच खरवडून टाकलेलं, तेवढी अक्कल होती. आजीच्या फोटोच्या बाजूला कॅलेंडरचा खिळा आहे. कॅलेंडर काढलं, आबाला टांगला. तीन मिनिटं पण नाय.

मला रिअ‍ॅक्शन पाहिजे होती. कॅन्डिडमध्ये सगळ्यात भारी तेच, माणूस काहीतरी बघतो आणि चेहरा त्याच्या हातात राहत नाय. म्हणून कपाटाच्या आडोशाला कॅमेरा लावून उभा राहिलो. आबा शर्ट बदलायला येणार हे माहीत होतं, अंगभर हळद फासलेली त्याच्या.

आला. बघितलं. मला वाटलं आता आईमाईवरून चालू होईल.

त्याने पायातल्या चपला काढल्या. फोटोसमोर गेला. हात जोडले.

माझं बोट बटणावर होतं. दाबलंच गेलं नाय.

मग मागे न वळता बोलला, "पोरा, यो कवा गेला?"

मला त्याने बघितलंच नव्हतं. मी श्वास पण घेत नव्हतो. मी हसायला गेलो तर घशातून भलताच आवाज आला. पळालो. मांडवात येऊन नाचणाऱ्या बायकांचे चारशे फोटो काढले. आज बघितले, सगळे हललेले.


१३ फेब्रु., गुरु

निल्याचा फोन. वाट लागलीय.

सोमवारी प्राचीच्या लग्नाला आबा आलाच नाय. बोलला, सुतकी माणूस लग्नाला येत नाय. मला वाटलेलं पाय दुखत असतील. चार दिवस झाले, दाढी नाय, मासळी नाय. पंगतीत बसत नाय, बाहेर फळीवर एकटा वेगळ्या ताटात जेवतो, ते पण दोन घास. फ्रेम काढायला वसंतकाका (प्राचीचा बाप, निल्याचा मोठा काका) पुढे झाला तर आबा शांतपणे बोलला, त्याला हात लावू नका, दहावा मंगळवारी येतो, तयारीला लागा.

कोणाचा दहावा, असं विचारायची कोणाची हिंमत झाली नाय.

आता घरात एकच चर्चा, करणी केली. कोणी केली? मोठी काकी, म्हणजे वसंतकाकाची बायको, बोलते विचारायचं काय त्यात, हळदीला घरात एकटी कोण होती.

एकटी निल्याची आई होती. सुमनकाकी. निल्या दोन वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. तेव्हापासून हळद लागायची वेळ झाली की काकीला आत बसवतात. कोण तसं तोंडाने बोलत नाय, तीच उठून जाते. त्या दिवशी पण गेलेली. मी मागच्या दाराने घुसलो तेव्हा ती घरात असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाय. हळदीला आत कोण असतं? असंच वाटलं मला. गाढव आहे मी.

शिवाय काकी सातारकडची. मोठी काकी सगळ्यांसमोर बोलली म्हणे, घाटावरच्यांना येतं असलं.

निल्या फोनवर रडत नव्हता पण तेच तेच परत सांगत होता.  नेटवर्क नाय असं बोलून कट केला.


१४ फेब्रु., शुक्र

दुकानात सगळे कपलचे फोटो. माझं लक्ष नाय. दुपारी दांडी मारून खाडीवर गेलो.

ठरवून गेलेलो की आबाच्या पाया पडायचं आणि सांगायचं, बाबा संपव आता, तूच सांग सगळ्यांना की मस्करी होती. आबा फळीवर. डोळे आत गेलेत. मी सगळं घडाघडा बोललो. ऐकून घेतलं त्याने. मग बोलला, "मेलेल्याची साक्ष कोन घेतं?"

मी बोललो आबा, हा घे माझा हात, तुला लागतोय ना, गरम आहे ना. तो माझ्याकडे बघून असा हसला जसं लहान पोराने काहीतरी येड्यासारखं विचारलं.

मग फोटोचं काढलं त्याने. बोलतो, आरशान मी तयार होऊन बघतंय. लग्नाच्या फोटूत पण तयार. तुझ्या फोटूतला मानूस तयार नाय. मना तो कंदी दिसलाच नव्हता. मंग समाजला, तो खाडीकरं बघत होता तवाच गेला.

आणि मग काम सांगितलं. मला कळू न देता परत एक फोटो काढ. चोरून. "बघू, मी हाय का त्याच्यान."

हो बोललो. मला पण बघायचं होतं.


१५ फेब्रु., शनि

शेजारच्या तीन माळ्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो. दोनशेची, लांबचं जवळ आणणारी लेन्स. पाण्याच्या टाकीमागे आडवा पडलो. सरांनी शिकवलेलं सगळं केलं. कॅमेऱ्याचा आवाज बंद, कपडे मळकट, लगेच काढायचं नाय, अर्धा तास नुसतं बघायचं, म्हणजे माणसाच्या हालचालीची लय कळते.

आबाची लय कसली, तो झोपला. भिंतीला टेकून, तोंड उघडं, छातीवर हनुवटी. निल्याला फोन करून विचारलं आबा काय करतोय. तो बाजूलाच होता, बोलला झोपलाय रे, घोरतोय. मला गच्चीवरून निल्या दिसत होता फोन कानाला लावलेला.

चौदा फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर टाकले.

चौदाच्या चौदा फोटोत तो माझ्याकडे बघतोय.

डोळे उघडे. सरळ लेन्समध्ये. बाजूला निल्या फोनवर बोलतोय, एका फोटोत मांजर जातंय, पुढच्यात गेलंय. आबा तसाच. मान खाली आणि डोळे वर.

आई आतून विचारते जेवायला येतोस का. नको बोललो. आमच्या विठ्ठलवाडीच्या खोलीत एकच खिडकी आहे, तिला पडदा लावला.


१६ फेब्रु., रवि

सरांना दाखवले. काही न सांगता. फक्त बोललो कसे आलेत बघा.

सरांनी चष्मा वर केला. एक, दोन, तीन फोटो बघितले. बोलले, "मयताचे का काढलेस रे?"

मी बोललो सर, जिवंत आहे माणूस, झोपलाय.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सांगितलं की पूर्वी रोलचा कॅमेरा होता तेव्हा त्यांना मयताचे फोटो काढायला बोलवायचे. गावाकडचे नातेवाईक पोचायचे नाय, त्यांना दाखवायला. कोणाचे डोळे उघडे राहिलेले असले की असंच व्हायचं. डावीकडून काढ, उजवीकडून काढ, तुझ्याकडेच बघतात. कारण ते कशाकडेच बघत नसतात. जिवंत माणसाची नजर कुठेतरी लागलेली असते, म्हणून आपल्याला चोरून फोटो काढता येतो. ज्याची कुठेच लागलेली नाय त्याचा कॅन्डिड निघत नाय.

मग चहा मागवला. मला बोलले, ते फोटो उडव. आणि कार्ड फॉरमॅट कर.

केलं नाय अजून.


१७ फेब्रु., सोम

निल्या दुकानात आला. दाढी वाढलेली, म्हणजे पहिल्यांदाच त्याला दाढी आहे हे कळलं. तेवढं तरी बोललो त्याला. हसला नाय.

उद्या सकाळी घरात शपथ आहे. देवीचा अंगारा हातावर घेऊन प्रत्येकाने सांगायचं, हे कोणी केलं ते मला माहीत नाय. जो खोटं बोलेल त्याचं देवी बघून घेईल. वसंतकाकाला नको होतं, पण मोठी काकी ऐकत नाय. आबा आता पाणी पण चमच्याने घेतो. डॉक्टर येऊन गेला, बोलला नाडी ठीक, प्रेशर ठीक, मनाचं आहे.

निल्या स्टुलावर बसला आणि माझ्या टेबलावरचं लेन्सचं झाकण फिरवत बसला. मग बोलला, "मन्या, आईने केलं असेल का रे?"

मला वाटलं आता बोलून टाकू. तोंड उघडलं पण. त्याच वेळेला एक बाई पासपोर्ट फोटोला आली. तिला बसवलं, हनुवटी वर करायला लावली, कानावरचे केस मागे घ्यायला लावले, तीन फोटो काढले. बाई गेली तोपर्यंत निल्या उठलेला.

बाईवर ढकलतोय मी. बाई नसती आली तरी बोललो नसतो.


१८ फेब्रु., मंगळ

दहावा.

सकाळी सातला आबाचा फोन, स्वतःहून. त्याला फोन लावता येतो हेच मला माहीत नव्हतं. बोलला, भात घेऊन ये, घरच्यांना जमायचं नाय. आईला खोटं सांगून डब्यात भात घेतला, वर दही. रिक्षाने गेलो.

ओहोटी. खाडीचा चिखल पार लांबपर्यंत उघडा पडलेला. जिथे होड्या ओढतात तिथे आबाने दगड पुसून ठेवलेला. मी भाताचा गोळा ठेवला. आबा माझ्या मागे दहा पावलांवर जाऊन बसला. बोलला, मी दिसलो तं येचा नाय कावला.

कावळे पन्नास तरी होते. होड्यांवर, खांबांवर, वायरवर. एक पण खाली येईना. एरवी तिथे मासळी सुकत घातली तर माणसाच्या हातातून नेतात. अर्धा तास झाला. ऊन वर आलं. भातावर माशा.

आमच्या आजोबांच्या दहाव्याला बघितलेलं, कावळा शिवला नाय की घरचे एकेक कबूल करतात. बाबा, धाकटीचं लग्न आम्ही करू. बाबा, आईला आम्ही सांभाळू. गेलेल्याच्या मनातलं बरोबर लागलं की शिवतो. मी पण चालू केलं. आधी मस्करीतच. आबा, तुझ्या विड्या लपवणार नाय. काही नाय. आबा, चिंबोरीचा राग नाय. काही नाय. आबा, निल्याला एकटं सोडणार नाय. एक कावळा मान वाकडी करून बसला, बस.

मग माझी फाटली. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. डोळे मिटले आणि बोललो, हार मी घातला. काकीचं नाव मी पुसणार. घरात सगळ्यांसमोर माझ्या तोंडाने सांगणार.

डोळे उघडले तर दगडावर कावळा. एकच. भाताला चोच लावली, माझ्याकडे बघितलं, परत लावली. मग सगळे तुटून पडले.

मागे आबा उठलेला. पाण्याच्या डबक्यात पाय धूत होता. मला बोलला, "च्या पिऊ चल, तोंड कडू झालाय."

आवाज त्याचा. दहा दिवसांनी पहिल्यांदा त्याचा.

घराकडे येताना मी पुढे, तो मागे. काय बोलायचं ते पाठ करत होतो. दारात रिक्षा उभी. आत एक बॅग, एक पिशवी, आणि सुमनकाकी.

आम्ही खाडीवर असताना शपथ झाली. काकीच्या हातावर अंगारा दिला तर ती बोलली, शपथ कशाला, मीच केलंय. का केलं विचारलं तर काय बोलली नाय. मोठी काकी दारात उभी. वसंतकाका खाली मान घालून. निल्या ओट्यावर, आईकडे पाठ करून.

मी तोंड उघडं घेऊन उभा. काकीने रिक्षातून माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे, तिला माहीत होतं. तिने मला त्या दिवशी बघितलेलं. शपथेत "माहीत नाय" बोलली असती तर खोटं झालं असतं, खरं बोलली असती तर माझं नाव आलं असतं. म्हणून तिने स्वतःवर घेतलं.

रिक्षा गेली.

आणि मी बोललो नाय. हार घालणं मस्करी होती. हे मस्करी नाय.


२० फेब्रु., गुरु

आबाने दाढी केली. बोंबील खाल्ले. मला शिव्या घातल्या की दोन दिवस आला नाय. फ्रेम वसंतकाकाने काढून माळ्यावर टाकली, आबा काय बोलला नाय. त्या दहा दिवसांचं काय आठवत नाय असं दाखवतो. खरंच आठवत नसेल.

मोठी काकी सगळ्या गावात सांगते, बघा, ती गेली आणि घर सुटलं.

निल्या आईचा फोन उचलत नाय.

उद्या बोलतो. नक्की.


२३ फेब्रु., रवि

बोललो नाय. त्याऐवजी ठाण्याला वर्तकनगरला गेलो, काकीच्या भावाकडे. आधी तिला सांगू, मग तिला घेऊनच कोळीवाड्यात जाऊ, असा प्लॅन.

जिन्यातच ढोलकी ऐकू आली. दुसऱ्या माळ्यावर कोणाच्या तरी मुलीची हळद. चपलांचा ढीग. दार उघडं. आत बघितलं तर काकी.

पाटावर बसलेल्या पोरीच्या गालाला हळद लावत होती. नवरीची आई तिचा हात धरून परत परत वाटीत बुडवत होती, अजून लाव बोलत होती, जोरात. मग त्या बाईने काकीच्याच तोंडाला फासली. काकीने आधी हात मधे धरला. मग सोडून दिला.

कॅमेरा गळ्यातच असतो माझ्या. दारातून, चौकटीला टेकून, एकच काढला. दुसरा काढायची गरजच नव्हती.

स्क्रीनवर बघायला घाबरलो. आधी डोळे बघितले. माझ्याकडे नाय. नवरीकडे. नजर लागलेली. कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळी, दात दिसतायत, वरचा एक पडलाय हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. निल्याची आई कधी हसते हेच माहीत नव्हतं.

नंतर जिन्यात बसलो आम्ही. मी बोललो काकी, मी सगळं सांगतो, ते तुम्हाला मानाने न्यायला येतील.

ती घाबरली. खरंच घाबरली. पदराने तोंड पुसायला लागली तर हळद अजून पसरली. बोलली, "न्यायला आले तर मला जावं लागेल रे."

मग हळूहळू बोलली. एकोणीस वर्षं. हळद लागली की आत. तू फ्रेम घेऊन आलास तेव्हा मी खिडकीला खुर्ची लावून मांडव बघत होते. तुला हाक मारणार होते, पण मग तू विचारलं असतंस, काकी तुम्ही इथे काय करताय. त्याला काय उत्तर होतं. घर सोडायला कारण लागतं, आणि चांगल्या बाईला ते मिळत नाही. तुझ्यामुळे वाईट झाले. सुटले.

मी विचारलं, निल्याचं काय. ती नखातली हळद काढत बसली. बोलली, त्याला मी सांगेन. माझा राग जरा उतरू दे, त्याने पाठ केली ना माझ्याकडे. तोपर्यंत तू तोंड उघडायचं नाही. शपथ घे.

मी कावळ्याचं सांगितलं नाय. शपथ घेतली.

एका आठवड्यात दोन शपथा, एकमेकांच्या विरुद्ध. मी असली कामं फक्त मस्करीत करायचो.


१ मार्च, शनि

आबा परत फळीवर. तीन दिवस जेवण बाहेर, वेगळ्या ताटात. निल्याने सांगितलं तेव्हा मी बोललो तोंड आलं असेल. निल्या बोलला, नाय, तसंच चालू झालंय.

गेलो. बाजूला बसलो. जाळ्याचं काम हातात होतं पण सुई फिरत नव्हती. मी इकडचं तिकडचं बोललो. मग त्याने विचारलं, सांगितलास?

म्हणजे आठवतं त्याला. सगळं आठवतं.

मी बोललो आबा, काकी तिकडे खूश आहे, तिनेच नको सांगितलंय. मी सांगितलं तर तिला परत आणतील आणि परत आत बसवतील. मी काय करू सांग. तूच सांग.

विचार करत बसला. मला वाटलं बोलेल, जाऊ दे पोरा. चांगला आहे तो मनाने, सुनेवर जीव आहे त्याचा. 

"मी सोडीन तुना," बोलला. "कावला इसरत नाय."

निघताना वळून, कमरेवरूनच, न बघता एक फोटो काढला. आबाचं तोंड खाडीकडे होतं, मी शपथेवर सांगतो. फोटोत माझ्याकडे आहे.


४ मार्च, मंगळ

आज निल्या येऊन बसलेला. आबाने कालपासून पाणी पण बंद केलं. निल्या बोलला, आईने काहीतरी उलटं करून ठेवलंय, तिला जाऊन विचारतो, पाया पडतो, तिच्याकडे उतारा असेल. उद्या जाणार वर्तकनगरला. त्याच्या मागे माझा कॉम्प्युटर चालू. काकीचा हळदीचा फोटो उघडा. मी पाय लांब करून बटण बंद केलं. त्याने बघितलं नाय. बहुतेक.

तो फोटो कोणाला दाखवू शकत नाय. सरांना पण नाय. माझ्याकडून परत तसला निघणार पण नाय. प्रिंट काढली, हिच्याच मागच्या कव्हरात ठेवलीय.

म्हणून आता, हे जो कोण वाचत असेल त्याला. दुकानात डायरी राहिली असेल, कोणी लेन्सची नोंद बघायला उघडली असेल. सर, तुम्ही असाल तर सर. तुम्हाला सगळं कळलं आता. तुम्हाला वाटेल हा बोलत नाय तर आपण बोलू, एक फोन करू, म्हातारा वाचेल. नका करू. मी "माझ्या तोंडाने" बोललोय त्या दगडासमोर. तुमच्या तोंडाने सांगितलेलं चालणार नाय तिकडे, आणि काकी मात्र फुकट परत जाईल त्या खिडकीत. आबा पण जाईल आणि ती पण.

मलाच सांगायचंय. निल्या काकीकडे पोचायच्या आधी मी कोळीवाड्यात पोचलो तर आबा वाचेल पण काकीची शपथ मोडेल, नंतर पोचलो तर काकीची शपथ राहील पण आबा राहील का माहीत नाय. सकाळपर्यंत ठरवतो. तोपर्यंत कोणाला सांगू नका. मोठ्या काकीला नाय, वसंतकाकाला नाय, निल्याला तर बिलकुल नाय. मागच्या कव्हरातला फोटो सापडला तर बघा आणि परत ठेवा. हात जोडतो, पाया पडतो. कोणालाच नाय.